खिंडीत दम सोडणारी जीप

“आज बंद पड गं बाई,” सदोबा जीपच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाले. “एवढ्या येळेला माझं आईक. सायबाच्या म्होरं बंद पड.”

मी औषधांची पेटी मागच्या बाकाखाली सरकवत होते. हसू दाबायच्या नादात पेटीचा कोपरा नडगीला लागला.

“सदोबा, लोक गाडी चालावी म्हणून देवाला विनवतात.”

“लोकांच्या गाडीला लाज असतीया. ही माझ्या एकट्याच्या म्होरं मरती, आन् चार मान्सं जमली की हरणावानी पळती. डोईचे केस पिकले हिच्यापायी.”

“ते आधीपासूनच पिकलेले होते.”

“अर्धे व्हते. अर्धे ह्या दोन म्हैन्यातले.”

ही गोष्ट एकोणीसशे एकोणसत्तरची, दिवाळीनंतरची. मी बावीस वर्षांची होते आणि शेवरवाडीच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागून मला जेमतेम चार महिने झाले होते. नेमणूक कच्ची होती. मार्चमध्ये डॉक्टरांनी शेरा चांगला लिहिला तरच ती पक्की व्हायची. सदोबा लाड हे दवाखान्याचे ड्रायव्हर. वय पन्नासच्या पुढे, मिशा झुपकेदार, आणि सव्वीस वर्षांच्या नोकरीत गाडीला साधा ओरखडा नाही. हे ते पहिल्या भेटीतच सांगत, आणि दुसऱ्या भेटीत पुन्हा सांगत.

जीप मात्र थकलेली. पंधरा वर्षांचं तिचं वय, त्यातलं निम्मं घोणसखिंड चढण्या-उतरण्यात गेलेलं. खिंडीपलीकडे उंबरमाळ आणि तिच्या आजूबाजूच्या चार वस्त्या होत्या. दर मंगळवारी सदोबा आणि मी तिकडे जायचो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून गाडीनं एक खोड धरली होती. सपाटीला बरी चालायची. खिंडीचा चढ निम्मा झाला की ॲक्सिलरेटर कितीही दाबा, गाडी ओढायचीच नाही. आधी गुदमरायची, मग दोन-तीन आचके द्यायची आणि वाटेतच उभी राहायची. सदोबा बॉनेट उघडायचे, पाणी घालायचे, तारा चाचपायचे. पंधरा-वीस मिनिटं गेली की काही झालंच नाही अशी सुरू व्हायची आणि पुढे मैलभर जाऊन पुन्हा तेच. कधीकधी मात्र अख्खी खिंड एका दमात चढायची. कुठल्या दिवशी काय करील याचा नेम नाही.

तालुक्याच्या विष्णू मिस्त्रीला तीनदा बोलावलं. तो आला की आधी टाकीचं झाकण उघडून पट्टी बुडवायचा, पेट्रोल किती आहे बघायचा. “ड्रायव्हर लोक पेट्रोल संपलेलं सोडून बाकी समदं सांगत्यात,” म्हणायचा. मग झाकण लावून, त्याच्या शेंदराला बोट लावून ते स्वतःच्या कपाळाला टेकवायचा आणि गाडी चालवून बघायचा. गाडी पळायची. त्यानं प्लग साफ केले, पॉइंट घासले, कार्बोरेटर खोलून पुन्हा बसवला आणि तिसऱ्या वेळी सदोबांना म्हणाला, “मामा, गाडी ठणठणीत हाय. तुमीच एकदा तपासून घ्या.”

हे तो दवाखान्याच्या पडवीत, बसलेल्या पेशंटांसमोर बोलला. सगळे हसले. सदोबा नाही हसले.

आमचे डॉक्टर केळुस्कर तिशीतले, हुशार आणि कडक. नुकतेच बदलून आलेले. त्यांचा हिशेब सरळ होता. गाडी मिस्त्रीसमोर चालते, डॉक्टरांसमोर गावात चालते, फक्त ड्रायव्हरला खिंड चढायची असली की बंद पडते. तर दोष कोणात? त्यांनी गाडीच्या लॉगबुकात दोन मंगळवारी लाल शाईनं लिहिलं, ‘चालकाची टाळाटाळ.’ सदोबांना अक्षरं लावून वाचता यायची, पण डॉक्टरांचं अक्षर लागायचं नाही. पहिल्यांदा मलाच वाचायला लावलं होतं. मी वाचलं, तेव्हा ते बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, “टाळाटाळ म्हंजी कामचुकार न्हवं का?”

मी म्हटलं, “तसंच काहीतरी.”

“तसंच काहीतरी न्हाई. तसंच.”

आज तिसरा मंगळवार होता. डॉक्टर स्वतः बरोबर येणार होते. गाडी आज नीट चालली तर तिसरा शेरा पडणार, आणि तीन शेऱ्यांसकट लॉगबुक शनिवारी जिल्ह्याला जाणार. म्हणजे सदोबांची गाडीवरून उचलबांगडी. म्हणून ते जीपला बंद पडण्यासाठी विनवत होते.

डॉक्टर आले. आल्या आल्या पट्टी मागितली.

“झाकण उघडा, सदोबा. निघताना किती पेट्रोल आहे ते मी स्वतः मोजणार.”

सदोबांच्या मानेची शीर ताठ झाली, पण त्यांनी झाकण उघडलं. डॉक्टरांनी पट्टी बुडवली, रुमालाला पुसली, आकडा वहीत टिपला. खिंडीच्या पायथ्याला गाडी थांबवून पुन्हा मोजलं. मधल्या वळणावर पुन्हा. वर खिंडीच्या तोंडाशी पुन्हा. सदोबांवर पेट्रोलचाही संशय आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. सदोबांच्या ते आधीच लक्षात आलं असणार, कारण दर वेळी झाकण उघडून देताना ते डोंगराकडे बघत उभे राहत.

आणि गाडी? गाडी अशी चढली की मी जन्मात तिला तशी चढताना पाहिलं नव्हतं. एक आचका नाही की गुदमर नाही. वळणावर सदोबा मुद्दाम खालच्या गिअरमध्ये टाकून तिला छळत होते, तरी ती गाणं म्हणत चालली होती.

“छान ओढतेय की,” डॉक्टर म्हणाले.

“व्हय, सायेब.”

“आज काय वेगळं केलंत?”

“आज तुमी हाय, सायेब. एवढंच.”

डॉक्टरांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी पेटीच्या कडीकडे पाहिलं.

उंबरमाळला पोचलो तर ओट्यावर माणसं वाट बघत होती. दोन दिवसांच्या उलट्या-जुलाबांनी गोजराबाई जाधव नावाची साठीची बाई पार कोमेजून पडली होती. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी, नाडी सुतासारखी. डॉक्टरांनी तिथेच सलाईन लावलं आणि म्हणाले, “हिला खाली न्यायलाच हवं. लगेच.” मागच्या एका बाकावर फळी टाकून तिला आडवी केली. आडवं माणूस आणि पेटी यांतून कशीबशी माझ्यापुरतीच जागा उरली, म्हणून तिचा मुलगा पायवाटेनं डोंगर ओलांडून पुढे निघाला. मी एका हातात सलाईनची बाटली उंच धरून दुसऱ्या हातानं टप घट्ट धरला. उंबरमाळहून परत येताना खिंडीपर्यंत साडेतीन मैल चढच होता.

या वेळी मोजायला कुणाला सवड नव्हती.

दोन मैल झाले आणि गाडी गुदमरली.

सदोबांनी गिअर बदलला. एक आचका. दुसरा आचका. गाडी दगडाला टेकून उभी राहिली.

“सदोबा,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, “आता नाटक नको. पेशंट आहे गाडीत.”

मी सदोबांना कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं. तेव्हाही ते आवाज न चढवताच बोलले. खाली उतरले, पलीकडून वळसा घालून डॉक्टरांच्या बाजूला आले आणि दार उघडून धरलं.

“तुमी बसा तिकडं. तुमास्नी येतीया चालवाया.”

डॉक्टर बसले. स्टार्टर दाबला. गाडी सुरू झाली, दहा-पंधरा पावलं चालली आणि पाय तळाला टेकवूनसुद्धा मेली. पुन्हा सुरू केली, पुन्हा मेली. डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“आता सांगा सायेब, नाटक कोन करतंय?”

“मग टाकीत पाणी गेलंय. कोणी काय काय ओतलंय देवाला ठाऊक. पेट्रोल काढून पाणी घातलं तर—”

“सायेब!”

“मी तुमचं नाव घेतलं नाही.”

“घ्या की. समदीच घेत्यात.”

“अगं ए नर्सबाई,” फळीवरून गोजराबाईचा बारीक आवाज आला. दोन दिवसांच्या उलट्यांनी अंगातला जोर गेला होता, जिभेचा मात्र नव्हता. “गाडी बंद पडली, ते कळलं. पन ही बाटली बी बंद पडली का गं?”

मी वर पाहिलं. थेंब पडत नव्हते. बाटली अर्धी भरलेली, नळी मोकळी, तरी थेंब अडकलेला. मी बाटली डोळ्यांजवळ आणली. मग दिसलं. त्या काळी सलाईन काचेच्या बाटलीत यायचं. रबरी बुचात दोन सुया खुपसाव्या लागायच्या. एकीतून औषध खाली येतं, दुसरी नुसती हवा आत जायला. हादऱ्यांनी हवेची सुई निसटून खाली पडली होती.

मी पेटीतून नवी सुई काढली, बुचात खुपसली. बाटलीत बुडबुडे भराभरा वर धावले. थेंब पुन्हा सुरू झाले.

“चालू झाली बाई,” गोजराबाई म्हणाली. “गाडीला बी एक टोच.”

मी बुडबुड्यांकडे बघत राहिले. औषध खाली जायचं तर बाटलीत वरून हवा यायला हवी. नाहीतर थोडं उतरतं, मग हळू होतं, मग थांबतं. बाटली धरून ठेवते. काही वेळानं कुठून तरी फटीतून हवा शिरली की पुन्हा दोन थेंब.

थोडं चालते. मग हळू होते. मग थांबते. पंधरा मिनिटांनी पुन्हा चालते.

“सदोबा,” मी विचारलं, “टाकीतून पेट्रोल जातं, तर त्या जागी हवा कुठून येते?”

“झाकनातनं. झाकनाला बारीक भोक असतंय. का?”

डॉक्टर मागे वळले. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. ते हुशार होतेच. “मिस्त्रीनं दर वेळी झाकण उघडलं,” ते स्वतःशीच म्हणाले. “मी सकाळपासून चार वेळा उघडायला लावलं.”

ते उडी मारून उतरले. मी गोजराबाईच्या हातात बाटली दिली आणि “उंच धरा हं,” म्हटलं. “धरते की, मला काय हात न्हाईत?” म्हणाली. मी उतरून डॉक्टरांच्या मागे गेले. तोवर ते टाकीपाशी वाकून झाकणावर बोट फिरवत होते.

“भोक आहे कुठे यात?” ते म्हणाले. “नुसता शेंदूर आहे सगळा. बोटभर जाड. हे कुणी केलं?”

आता मला सगळं सांगायलाच हवं.

माझे वडील गुरव. आमच्या गावच्या मारुतीची पूजा आमच्या घराकडे. शेंदूर तेलात कालवून, मळून, मूर्तीवर थर चढवायचा हे मी दहा वर्षांची असल्यापासून करत आले. आमचा थर ऊन-पावसाला दाद देत नाही, ही आमच्या घराण्याची शेखी. दसऱ्याला दवाखान्यात गाडीची पूजा झाली. नव्या नोकरीच्या उत्साहात मी घरून आणलेला शेंदूर कालवला. बॉनेटला लावू म्हटलं तर सदोबा म्हणाले, सरकारी रंग आहे, नको. मग टाकीचं झाकण दिसलं. गोल, वाटोळं, देवाच्या मुखवट्यासारखं. मी त्यावर शेंदूर चढवला. पातळ दिसला म्हणून दुसरा हात दिला. दोन दिवसांनी तिसरा.

दसरा ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होता.

डॉक्टर माझ्याकडे बघत नव्हते. सदोबांकडे बघत होते. “मी विचारतोय, हे कुणी केलं?”

सदोबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदाच. त्यांना माझा मार्च ठाऊक होता.

“म्याच लावला, सायेब. दसऱ्याला.”

दोन महिने त्या माणसाला चोर आणि कामचुकार म्हणत होते, आणि त्यावर हे आणखी एक ओझं तो सहज उचलत होता. मी गप्प बसले असते तर ते निभावूनही गेलं असतं. पूजा गाडीची, गाडी ड्रायव्हरची, कुणाला शंका येणार? मार्च तीन महिन्यांवर होता. हे मी आज मोकळेपणानं सांगते, कारण तेवढे दोन-तीन श्वास मी खरोखर गप्प बसले होते.

“नाही,” मी म्हणाले. “मी लावला. तीन हात दिले.”

“बाई, उगं—”

“तुम्हाला शेंदूर मळता तरी येतो का सदोबा? तेल किती घालायचं, सांगा बरं?”

सदोबांनी मिशीवरून हात फिरवला. “जितकं लागंल तितकं,” म्हणाले.

“पाव वाटी शेंदराला किती?”

“अगं मेले, कुनी लावला ते खाली जाऊन ठरवा!” गाडीतून गोजराबाई ओरडली. “हात भरून आला माझा!”

डॉक्टरांनी हात पुढे केला. मघाशी निसटलेली हवेची जाड सुई मी गाडीतून उचलून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती झाकणाच्या मधोमध ठेवून टोचली, फिरवली, थराचा टवका उडाला, आणि आतून लांब, ओला असा आवाज आला, जणू कुणी तहानलेलं माणूस घटाघटा पाणी पितंय. गाडी बराच वेळ आत हवा ओढत राहिली. आम्ही तिघेही कान देऊन ऐकत होतो.

आवाज थांबल्यावर डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, “सिस्टर, तुमच्या मारुतीला श्वास लागत नाही. गाडीला लागतो.”

“होय, डॉक्टर.”

“मार्चमध्ये तुमच्याबद्दल काय लिहायचं, ते मी मार्चमध्ये ठरवीन.”

“होय, डॉक्टर.”

सदोबांनी स्टार्टर दाबला. खिंड आम्ही कुठेही न थांबता चढलो. उतारावर गोजराबाई गाणं म्हणायला लागली तेव्हा डॉक्टरांनी तिची नाडी पाहिली आणि म्हणाले, “गाऊ दे.”

दवाखान्यात पोचून तिला खाटेवर घेतलं, दुसरी बाटली लावली, तोवर दुपार टळली. मी हात धुऊन पडवीत आले तर सदोबा लॉगबुक घेऊन डॉक्टरांच्या टेबलासमोर उभे होते. पडवीत नेहमीचे दहा-बारा पेशंट बसले होते. त्यांतले निम्मे तरी मिस्त्रीच्या विनोदावर हसलेले.

“सदोबा, माझं चुकलं,” डॉक्टर सरळ म्हणाले. “पट्टीनं मोजलं, तेही चुकलं.”

“तोंडी ऱ्हाऊ द्या, सायेब. तोंडानं कोन काय म्हनतं त्याचं काय न्हाई. हितं लिवा.” त्यांनी वही पुढे सारली. “ज्या शाईनं ते लिवलं, त्याच शाईनं.”

डॉक्टरांनी लाल दौत ओढली. बराच वेळ लिहिलं. मग वही सदोबांच्या हातात दिली. सदोबांनी ती डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, पुन्हा जवळ धरली आणि माझ्याकडे दिली.

“वाचा बाई. हिथं, पडवीत.”

मी वाचलं. “‘पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र शेंदराने बुजल्यामुळे गाडी वेळोवेळी शक्ती गमावत होती. शेंदूर परिचारिका द्वारका गुरव यांनी लावला होता व त्यांनी ते स्वतःहून सांगितले. चालक सदोबा लाड यांच्यावरील मागील दोन शेरे चुकीचे असून ते रद्द करण्यात येत आहेत. चालक निर्दोष.’”

मग कुणीतरी खोकलं. कुणीतरी “झाकनाला शेंदूर?” असं पुटपुटलं आणि एक बाई पदर तोंडाला लावून खिदळली. सदोबांनी त्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं.

“परत वाचा,” ते म्हणाले. “तुमच्या नावाची वळ गाळा वाटल्यास.”

“माझीही वाचायची,” मी म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. माझ्या नावापाशी या वेळी पडवी मोकळेपणानं हसली आणि मलाही हसू आवरलं नाही. शेवरवाडीत मी पुढे एकोणीस वर्षं काढली. त्या सबंध काळात ‘शेंदूरवाल्या नर्सबाई’ हेच माझं नाव होतं, आणि ते मी त्या दुपारी स्वतःच्या तोंडानं मिळवलं. पण तेव्हा हे काही माहीत नव्हतं. तेव्हा मी फक्त सदोबांचा चेहरा बघत होते. ‘चालक निर्दोष’ म्हटल्यावर त्यांनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली.

“आनी एकदा?” त्यांनी विचारलं.

तेवढ्यात आतल्या खाटेवरून आवाज आला.

“अगं नर्सबाई, जरा मोठ्यानं वाच की! मला हितं काय बी आईकू येत न्हाई!”

मी वही दोन्ही हातांनी वर धरली, घसा खाकरला आणि पडवी ओलांडून रस्त्यापर्यंत आवाज जाईल अशी पहिल्यापासून वाचायला लागले.